झाकणाची आतली बाजू

मल्हारीच्या मनगटावर रोज वेगळं घड्याळ असायचं आणि बघणाऱ्याला ते रोज तेच वाटायचं. पांढरी तबकडी, खाली सेकंदाचा इवलासा काटा, रोज चावी द्यावी लागणारं. अशी तेरा घड्याळं त्याने बारा वर्षांत जमवली होती. १९८४ साल चालू होतं. सातपूरच्या कारखान्यात त्याच्या बरोबरीचे लोक सेलवरची आकड्यांची घड्याळं मिरवत होते, आणि हा पठ्ठ्या दर बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नाशकातल्या गोदाकाठच्या, बाजारात भंगाराच्या पसाऱ्यापुढे उकिडवा बसून तसलंच चौदावं शोधत होता. "हात तर दोनच आहेत तुम्हाला," असं बायको लंकाबाई म्हणायची. तो हसून वेळ मारून नेई.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. वडील, भिमाजी, गेले त्याच वर्षी एकोणीस वर्षांच्या मल्हारीने त्यांचं घड्याळ ह्याच बाजारात फुंकून टाकलं होतं. कशासाठी, तर मित्रांबरोबर मुंबई बघायला! आईला, आक्काबाईला, सांगितलं, गंगेत आंघोळ करताना पट्टा तुटला, वाहून गेलं. आक्काबाई एक शब्द बोलली नाही. तिने दोन ठेवून दिल्या असत्या तर पोरगा सुटला असता. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, चार पावलं चाललं की दम लागायचा, आणि इकडे मल्हारीच्या जिवाची घालमेल वाढत चालली होती. ती आहे तोवर ते घड्याळ तिच्या हातात ठेवायचं आणि खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं, एवढंच त्याला हवं होतं.

वडिलांचं घड्याळ दुरुस्त करणारे बहिरूकाका अजून मेन रोडवर बसत. इतकी वर्षं मल्हारी त्या दुकानावरून मान खाली घालून जाई, म्हातारा घड्याळाचं विचारील ह्या धास्तीने. शेवटी मनाचा हिय्या करून, तेराही घड्याळं डब्याच्या पिशवीत घालून तो पायरी चढला. बापाचं घड्याळ विकलं होतं, ते ह्यात आहे का बघा, एवढंच कसंबसं बोलला.

"त्यात काय," काका म्हणाले. "दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणात आम्ही आतून सुईने खूण करतो. भिमाजी तीनदा आला होता. माझ्या नावाचे तीन 'ब' सापडतील. उघडतो."

मल्हारी बफिंग खात्यातला, धातू घासून चकचकीत करणारा कामगार, धातूवर ओरखडा दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. तेराही झाकणं त्याने जेवणाच्या सुट्टीत बफच्या चाकावर धरली होती. बाहेरून, आणि हौसेने आतूनही. काकांनी एकेक झाकण उघडलं. प्रत्येकात त्यांना आपलंच तोंड दिसलं.

"हात चांगला आहे रे तुझा," ते म्हणाले, आणि एकेक झाकण परत बसवू लागले.

घरी आल्यावर त्याला बसवेना, उभं राहवेना. अखेर त्याने सगळी घड्याळं चावी देऊन आईच्या खाटेवर ओळीने मांडली.

"आई, ह्यात अण्णांचं घड्याळ असेल. ते गंगेत..."

"थांब, ऐकू दे," आक्काबाई म्हणाली. तिने पहिलं घड्याळ कानाला लावलंसुद्धा होतं. एक झालं, दुसरं झालं. नवव्याला तिचा हात थांबला.

"ह्येच हाय. ह्यांच्या उशाशी पंधरा वर्सं ऐकलंय म्या. लय दिसांनी आलं रं घरी."

मल्हारीने ते लगेच ओळखलं. ते घड्याळ नाशिक रोडच्या एका निवृत्त मास्तरांनी स्वतः नवं घेतलेलं होतं, त्याला बिलासकट विकलं होतं; अण्णांचं नव्हे हे माहीत असूनही, दिसायला हुबेहूब तसं म्हणून त्याने ते घेतलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण आईचा चेहरा इतका निवलेला त्याने अण्णा गेल्यापासून पाहिला नव्हता.

"हो, हेच," तो म्हणाला.

तिने चाचपडत ते त्याच्या मनगटावर बांधलं. "आता गंगेत उतरताना काढून ठेवत जा, बाबा."

त्याला रडू कोसळलं. आईला वाटलं, आनंदाचं असेल. एक खोटं फेडायला गेलेला माणूस दुसरं हातावर बांधून बसला होता.

बुधवारी मास्तरांचं घड्याळ घालून तो पुन्हा बाजारात उकिडवा बसला. भंगारवाल्याने पुढे केलेल्या घड्याळाचं झाकण चाकूच्या टोकाने उघडून त्याने आतली बाजू उजेडाकडे धरली, आणि मग पुढचं घड्याळ मागितलं.