पाकबेंगला न झालेली भेट

बाबांनी मोठ्या काकांची माफी मागितली आणि काकांनी ती दिली. असं काहीही झालेलं नाही, हे आमच्या आणि काकांच्या, दोन्ही घरांत ठरलेलं आहे. तेव्हा जे झालं नाही ते कसं झालं, एवढंच सांगतो.

काही वर्षांपूर्वी पावसासाठी रॉकेटं उडवायच्या सणाला काकांनी बांबूचं रॉकेट केलं. ते उडालं नाही. ज्याचं उडत नाही त्याला चिखलात ढकलायचं ही रीतच आहे, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही. बाबांनी ढकललं. काका उठले, तोंड पुसलं. बाबांनी पुन्हा ढकललं. पुन्हा ढकलण्याची रीत नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

यात माझं काही अडत नव्हतं. पण मला नोक्केओशी लग्न करायचं आहे, आणि लग्नात नवरानवरीच्या मनगटाला पहिला दोरा आमच्याकडे घरातला थोरला बांधतो. नोक्केओच्या वडिलांनी विचारलं, "तुमचे मोठे काका येतील ना?"

"विचारतो," मी म्हणालो.

"विचारा. मग तारखेचं बघू." माणूस सभ्य आहे, नाही म्हणत नाही. नुसतं बघत राहतो.

नव्या वर्षाचा सण तीन दिवसांचा, सगळे एकमेकांवर पाणी ओततात. त्या तीन दिवसांत धाकट्यानं थोरल्याच्या हातावर सुगंधी पाणी ओतून माफी मागितली, तर थोरल्याला नाही म्हणता येत नाही. चौथ्या दिवशी येतं. काका राहतात लुआंगप्रबांगला, आम्ही मेकाँग नदीच्या वरच्या अंगाला, हुआयसायला. बस एका दिवसात नेऊन टाकते. नाव दोन दिवस घेते, मधे पाकबेंगला मुक्काम करते.

"मी नावेनं जाणार," बाबा म्हणाले.

"का?" आईनं विचारलं.

"सणात वाटेतलं प्रत्येक गाव बसवर बादल्या ओततं. खिडकी लावली तर दारातून ओततात. नदीत कोण कुणाच्या अंगावर पाणी टाकतंय? नावेनं गेलेला माणूस कोरडा पोचतो."

"माफी मागायला कोरडं असावं लागतं का?"

"भिजलेल्या माणसाची दया येते. मला दयेची माफी नको."

"तुम्हाला पोचायचंच नाही. सरळ सांगा ना."

बाबा सरळ काही सांगत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी आईनं काकांना फोन करून सांगून टाकलं की हे निघाले. हे निघाले होतेच, पण पाण्यात घालायला चाफा हवा म्हणून धक्क्यावरून परत आले आणि झाडाखाली उभं राहून एकेक फूल पारखत राहिले. नाव गेली.

"बस आहे अजून," आई म्हणाली.

"फुलं भिजतील," बाबा म्हणाले. फुलं पाण्याच्या बाटलीत होती.

दुसऱ्या दिवशी आईनं मला बरोबर दिलं. "याला धरून ठेव. आणि हे नाहीच पोचले, तर तू तरी पोच."

आता आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचणार होतो, सण संपता संपता. नाव एकदा वाळूत रुतली असती तर सण संपून गेला असता. बाबा नावेत जुन्या गाडीतून काढून बसवलेल्या सीटवर मांडीत बाटली घेऊन बसले. चेहरा इतका निवांत की शेजारच्या बाईंनी त्यांना चिकट भाताची टोपली धरायला दिली.

"यंदा नदी आटली असेल ना?" बाबांनी नावाड्याला विचारलं.

"नाही हो. पाणी चांगलं आहे."

"रुतायची भीती?"

"अजिबात नाही."

"अरेरे," बाबा म्हणाले. नावाड्यानं माझ्याकडे बघितलं. मी डोंगर बघितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाकबेंगच्या धक्क्यावर आम्ही नावेत बसलो, तेव्हा शेजारी लागलेली नाव उलट्या दिशेची होती, लुआंगप्रबांगहून वर जाणारी. तिच्या काठाला रेलून, मांडीवर पिशवी घेऊन मोठे काका बसले होते. दोघा भावांत हातभर पाणी.

मग मीच म्हणालो, "काका, तुम्ही इकडे कसे?"

"तुझ्या आईचा फोन आला, की हा निघाला. परवा आला नाही. म्हटलं, काल येईल." काका नदीकडे बघत म्हणाले. "म्हणून काल निघालो."

"पळून चालला होतास?" बाबांनी विचारलं.

"तू बसनं येशील असं वाटलं. माफी मागायला निघालेला माणूस नावेनं कशाला येईल?"

बाबांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. "माझं तोंड बघायचं नव्हतं तुला."

"तोंडाचं काही नाही. माफी दिली की बोलणं आलं. इतक्या वर्षांनी काय बोलायचं, ते मला सुचेना."

वर जाणाऱ्या नावेचा दोर सुटला. काका उतरू शकत नव्हते. पिशवी हातात असली तरी पेटारा सगळ्यांच्या सामानाखाली होता. बाबा उठून काठाशी गेले. मी मागून त्यांचा शर्ट धरला.

"दादा, हात पुढे कर."

काकांनी केले नाहीत. "आधी सांग, दुसऱ्यांदा का ढकललंस?"

"पहिल्यांदा तू हसला नाहीस," बाबा म्हणाले. "दर वेळी हसायचास. मला वाटलं, नीट पडला नाहीस."

नाव सरकायला लागली होती.

"त्या रॉकेटला सहा महिने लागले होते मला," ते म्हणाले.

"हे मला माहीत नव्हतं."

काकांनी हात पुढे केले. बाबांनी बाटली उपडी केली. निम्मं पाणी हातांवर पडलं, निम्मं मेकाँगमध्ये गेलं, फुलं सगळी नदीत. माफीचे शब्द इंजिनच्या आवाजात कुणाला ऐकू गेले नाहीत. काकांनी मात्र ओले हात डोक्याला लावले. मग बोट माझ्याकडे करून ओरडले, "याचं लग्न कधी?"

"तुम्ही याल तेव्हा," मी ओरडलो.

नावा परत फिरत नाहीत. आम्ही काकांच्या घरी गेलो आणि काकूंच्या हातचं जेवलो. काका आमच्या घरी जाऊन आईच्या हातचं जेवले. दोघंही घाबरून घराबाहेर पडले होते, हे नोक्केओच्या घरी कळायला नको, म्हणून ही भेट झालेली नाही. नोक्केओचे वडील तारीख बघतायत.

सबब, बसवाहतूक कार्यालयास नम्र विनंती, की सणाच्या दिवसांत हुआयसाय-लुआंगप्रबांग मार्गावरील दोन्ही बाजूंच्या सर्व गाड्यांनी वाटेत एका गावी, काहीही कारण नसताना, एक रात्र शेजारी शेजारी उभं राहावं. ज्या प्रवाशांना पोचायचं नाही, त्यांची एकमेकांशी गाठ पडण्याची कोणतीही सोय सध्या बसमार्गावर नाही.