ईशान्येची भिंत

शिरगावातल्या त्या इमारतीत सकाळची डब्यांची गडबड चालू असतानाच खालून फोडकामाच्या ब्रेकरचा कर्कश आवाज आला. राजसी कणकेच्या हातांनीच जिना उतरली.

पार्किंगमधल्या काँक्रीटच्या भिंतीला मजुरांनी मोठी खाच पाडली होती. शेजारी तिचे सासरे श्रीपाद, म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, आणि वास्तुतज्ज्ञ म्हणवणारे गुरुदत्त उभे होते.

"बंद करा!" राजसी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ईशान्येला एवढा भार असला की वंश खुंटतो," गुरुदत्त म्हणाले.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पाळणा नाही," श्रीपाद सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "आता तरी आडवी येऊ नकोस."

भूकंपात इमारत तगेल का, हे तपासणं हाच राजसीचा व्यवसाय होता. ती जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळली.

"वर घराघरांत भिंती आहेत. खाली पार्किंगला नुसते खांब. जमीन हलली की बिल्डिंग डोलणार. तो हिसका ही भिंत घेते. ही पाडलीत तर खांब मोडतील आणि वरचे मजले खाली बसतील."

"स्वतःला पोर नाही, आणि चालली आमच्या पोरांना वाचवायला," एक बाई फिसकारली. दोघीतिघी हसल्या.

तिचा नवरा उन्मेष पुढे आला. "वर चल ना यार. पब्लिकमध्ये तमाशा नको."

"तमाशा मी मांडला? माझ्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत. डॉक्टरांनी तुला बोलावलंय, तू जात नाहीस. सांग ना यांना!"

उन्मेषने मान फिरवली. श्रीपादांचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही!"

राजसीने तिथूनच नगरपालिकेला फोन लावला. अभियंता येऊन काम थांबवेपर्यंत ती भिंतीपासून हलली नाही. खाच बुजवून देण्याचा हुकूम त्याने श्रीपादांनाच दिला.

दुपारी सासूबाई, उमाबाई, तिची बॅग घेऊन खाली आल्या. इकडेतिकडे बघून पुटपुटल्या, "उन्मेष व्हायच्या आधी मलाही वांझ म्हणायचे गं."

"म्हणजे कसं लागतं ते तुम्हाला ठाऊक होतं, आई," राजसी म्हणाली. "मग मला म्हणत होते तेव्हा गप्प का बसलात?"

उमाबाईंनी बॅग खाली ठेवली. राजसीने ती उचलली आणि माहेरी, कुळगावला जायला रिक्षा पकडली.