घरातल्या मुलीची पोटगी

“हात खिशातून काढ,” क्लेटन ओरडत होता, आणि नेव्हिल काढत नव्हता.

पहिला गुद्दा तोंडावर बसला होता, दुसरा पोटात. तिसऱ्याला नेव्हिल आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर आदळला आणि तिथेच टेकून राहिला, दोन्ही हात कोटाच्या खिशात. मी माझ्या दारात केरसुणी धरून उभी होते. इंग्लंडातल्या ग्रिम्झबीच्या गोदीत नेव्हिल आणि मी एकाच मासळीच्या कारखान्यात, तो कापायला आणि मी पॅकिंगला. त्याच्या मनगटातली ताकद मला चांगली माहीत होती. आणि हा क्लेटन कोण, तर बाईच्या जिवावर जगणारा, दिवसभर कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारा ऐतखाऊ. नेव्हिलने एकच ठेवून दिली असती तर मेला आठवडाभर उठला नसता.

“एक तर पोरगी घरी आली पाहिजे, नाहीतर पैसे येत राहिले पाहिजेत,” क्लेटन म्हणाला. “काय ते तू ठरव.”

नेव्हिलने तोंडातलं रक्त थुंकलं आणि म्हणाला, “पैसे येतील.”

तेवढ्याने क्लेटनचं समाधान झालं. जाता जाता त्याने नेव्हिलच्या नडगीवर एक लाथ घातली, उगाच, हौस म्हणून. रस्त्यापलीकडे त्याची गाडी उभी होती आणि गाडीत जॅनिस बसली होती, पट्टा लावून, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. तिने सगळं पाहिलं. मी तिच्याकडे बघतेय म्हटल्यावर तिने मान फिरवली.

जॅनिस म्हणजे नेव्हिलची पहिली आणि शेवटची बायको, पुढे क्लेटनबरोबर राहायला लागलेली. त्यांची मुलगी एरिन चार वर्षांची असताना ती पोरीला घेऊन गेली. तेव्हापासून नेव्हिलच्या पगारातून पोरीची पोटगी परस्पर कापली जायची, आणि सरकार मुलांसाठी देतं तो भत्ताही जॅनिसलाच मिळायचा. त्याबद्दल नेव्हिल कधी चकार शब्द बोलला नाही. मूल जिकडे, पैसे तिकडे, हे बरोबरच आहे.

पण फेब्रुवारीत एरिन बसने एकटीच त्याच्या दारात आली. तेरा वर्षांची पोर, पाठीवर शाळेची पिशवी आणि डोक्याला टोपी. टोपी काढली तर कानावरचे मूठभर केस कातडीसकट उपटलेले. क्लेटनने केसांना धरून जिन्यावरून ओढली होती, का तर टीव्हीवर त्याचा सामना चालू असताना ती मधून गेली. नेव्हिलने पोलिसांना बोलावलं. ते जॅनिसकडे गेले, तर तिने सांगितलं की केस गाडीच्या दारात अडकले. क्लेटन शेजारी उभा असताना ती दुसरं काय सांगणार होती? पोलिसांनी ते ऐकून घेतलं आणि निघून गेले.

पोर इकडे आली म्हणजे पगारातली कपात बंद व्हायला हवी होती आणि भत्ता नेव्हिलकडे यायला हवा होता. त्याला एक फोन करायचा होता, बस्स. तो करेना. मी त्याच्या मागेच लागले.

“फोन केला की तिकडचे पैसे बंद होणार,” तो म्हणाला. “मग तो जॅनिसला जिवंत ठेवेल का?”

“तिचं तू कशाला बघतोस? तिने तुझं कधी बघितलं?”

“एरिनची आई आहे ती, विनी.”

तर असा सगळा प्रकार. पोरगी त्याच्या घरात जेवत होती, त्याच्या घरात झोपत होती, आणि तिच्या नावाची पोटगी तिकडे क्लेटनच्या खिशात जात होती. नेव्हिल जादा पाळ्या करायचा. दुपारच्या सुट्टीत सगळे चिप्स खायचे आणि हा चहात बुडवून पाव. मी एकदा चिडून म्हटलं, स्वतःच्या घरातल्या पोरीची पोटगी भरणारा तू जगातला पहिला गाढव असशील. तो हसला आणि म्हणाला, स्वस्तात पडतेय गं.

त्या दिवशी मार खाऊन तो आणि मागोमाग मी घरात आलो तेव्हा एरिन वरच्या खिडकीतून सगळं बघून खाली आली होती. तिने गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी काढून त्याच्या डोळ्यावर धरली. रडली नाही.

“तू मारलं का नाहीस?” तिने विचारलं.

त्याने समजावून सांगितलं. कागदोपत्री ती अजून आईकडे राहत होती. उद्या तो मारामारीत अडकला तर लोक म्हणतील, बाप मारकुटा आहे, पोरीला परत पाठवा. म्हणून हात खिशात ठेवले.

“घाबरलास तू,” ती म्हणाली आणि पिशवी टेबलावर टाकून वर निघून गेली.

क्लेटनच्या गुद्द्यांनी जे झालं नव्हतं ते त्या दोन शब्दांनी झालं. तिला खरंच तसं वाटतं का, असं नेव्हिलने मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, तेराव्या वर्षी पोरींना काहीही वाटतं, तू वाटाणे धर डोळ्याला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, पगाराच्या दिवशी, ऑफिसातली मुलगी पांढरी टोपी घालून कापायच्या टेबलांपर्यंत आली. चांगली बातमी आपल्या तोंडाने सांगायची तिला हौस. नेव्हिलची पोटगीची कपात बंद झाली होती, या वेळी पूर्ण पगार हातात. सगळ्यांनी सुऱ्यांच्या मुठी टेबलांवर आपटल्या. कोणी म्हणालं, आज बिअर नेव्हिलकडून. मीसुद्धा टेबलावर हात आपटत होते, मूर्खासारखी.

“त्यांना कोणी सांगितलं?” नेव्हिलने विचारलं.

“तुझ्या बायकोनेच. फोन करून म्हणाली, मुलगी आता बापाकडे राहते.”

नेव्हिलचा चेहरा पाहिला आणि माझा हात थांबला. तो ॲप्रन आणि रबरी बुटांसकट बाहेर पडला. मी मागे धावले, कारण त्याच्याकडे गाडी नव्हती आणि माझ्याकडे होती. गाडीत बसल्यावर पाहिलं, तर सुरी त्याच्या हातात. मी म्हटलं, ती इकडे दे. त्याने मुकाट्याने दिली आणि मी ती सीटखाली सरकवली. फार शहाणपण केलं असं मला वाटलं.

जॅनिसच्या घराचं दार सताड उघडं होतं. ती स्वयंपाकघरात ओट्याशी पडली होती. जबडा एका बाजूला सरकलेला, एक डोळा मिटलेला, पांढऱ्या फरशीवर दात आणि रक्त. बाजूच्या खोलीत टीव्हीवर कुत्र्यांची शर्यत लागली होती. बाईला असं पाडून तो तिकडे जाऊन बसला होता. नेव्हिल तिच्याजवळ गुडघे टेकून बसला. तिला बोलता येत नव्हतं, तरी ती बोलली.

“सांगितलं मी,” ती म्हणाली. “पोरगी आता तुझी.”

नेव्हिल उठला. पुढचं मला कोर्टातही नीट सांगता आलं नाही. त्याने क्लेटनला खुर्चीतून गळपट्टी धरून उचललं आणि पहिल्याच ठोशात त्याचं नाक सपाट केलं. दुसऱ्यात दात गेले. क्लेटन माफी मागायला लागला, मग आईला हाका मारायला लागला, मग त्याचा आवाजच बंद झाला. नेव्हिलने त्याचं डोकं शेकोटीच्या दगडी कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी त्याच्या हाताला लोंबकळले, तर त्याने मला झटकून दिलं आणि दारावर आपटून माझं मनगट मोडलं. त्याला मी दिसतच नव्हते. टीव्हीवर लोक ओरडत होते.

मग तो आपणच थांबला. नळाखाली हात धुतले, जॅनिसच्या डोक्याखाली टॉवेल सारला आणि फोन करून ॲम्ब्युलन्स आणि पोलीस दोन्ही मागवले.

क्लेटन वाचला. एक डोळा गेला, आणि चमचा तोंडापर्यंत नेतानाही आता दुसऱ्याचा हात लागतो. मला त्याची कणव येत नाही आणि आली पाहिजे असंही वाटत नाही. नेव्हिलला सात वर्षांची शिक्षा झाली. पश्चात्ताप होतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, विनीच्या मनगटाबद्दल होतो. वकिलाने कपाळावर हात मारला.

एरिन परत जॅनिसकडे गेली. दुसरं घरच नव्हतं, आणि आता तिथे तिला मारणारं कोणी नव्हतं. भत्ताही पोरीमागोमाग तिकडे गेला. जॅनिसचा जबडा वाकडा जुळलाय, तिला मऊ भातच खाता येतो. दोघींचं बरं चाललंय असं ऐकते.

मी महिन्यातून एकदा नेव्हिलला भेटायला जाते. तुरुंगात तो धोबीखान्यात काम करतो, त्याचे चार पैसे मिळतात. पहिल्याच भेटीत त्याने मला काम सांगितलं, की पोटगीच्या कचेरीत फोन कर आणि माझ्या इथल्या कमाईतून एरिनचे कापून घ्यायला सांग. मी केला. पलीकडची मुलगी गोड होती बिचारी. तिने नियम सांगितला आणि मी तो पुढच्या भेटीत नेव्हिलला सांगितला.

“तुरुंगातल्या बापाकडून घेत नाहीत. तू काही देणं लागत नाहीस, म्हणाली.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही.”

आजूबाजूला लोकांची मुलं खुर्च्यांमधून पळत होती. एरिन एकदाही आलेली नाही, आणि त्याबद्दल त्याने मला कधी विचारलेलं नाही.

“पण पोरगी माझी आहे ना,” तो म्हणाला. “थोडे तरी घ्या म्हणावं.” आणि त्या सगळ्या लोकांसमोर तो टेबलावर डोकं टेकून रडला. इतका मार खाल्ला तेव्हा हा माणूस रडला नव्हता.

सोमवारी मी पुन्हा फोन केला. त्या मुलीने पुन्हा तेच सांगितलं. नेव्हिलला मात्र मी सांगितलंय, की त्यांचा विचार चाललाय.