हिरवा दिवा एकदाच

मी एक जुना स्कॅनर आहे. नाट्यगृहाच्या दारात तिकिटांचे कोड वाचायचे, एवढंच माझं काम. मित्रांनो, आता माझ्या काचेला तडा गेलाय, पाठीवर चिकटपट्टी आहे आणि मला भंगारात काढायचं ठरलंय. काढू द्या. पण एक संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. ती सांगतो आणि गप्प बसतो.

कारखान्यात मला दोनच गोष्टी शिकवल्या. नंबर पहिल्यांदा आला की हिरवा दिवा. तोच पुन्हा आला की लाल. खरं कोण, खोटं कोण, ते कुणी शिकवलंच नाही. तरी नवा होतो तेव्हा काय कौतुक! दारावरचे मामा मला शर्टाच्या बाहीनं पुसायचे नि म्हणायचे, "याला फसवून दाखवा बरं कुणी!" मी फुगायचो. पुढे बाही फिरायची बंद झाली आणि मामा मला चापट्या मारून चालवायला लागले.

त्या संध्याकाळी रांगेत एक बाप-लेक होते. बाप पडदे रंगवणारा. फिरत्या नाटक कंपन्यांसाठी डोंगर, महाल, नद्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला, आणि आता डोळे जात चालले होते. तेच दाखवायला ते या शहरात आले होते. डॉक्टरनं हात वर केले. म्हणाला, काय पाहायचंय ते पाहून घ्या. बापाला पाहायचा होता आमच्या रंगमंचावरचा मोठा रंगवलेला पडदा. सगळे पडदेवाले ज्याच्या गोष्टी सांगतात, तो. नाटक संपलं की परतीची गाडी. म्हणजे आज, नाहीतर कधीच नाही.

लेक खिडकीवर गेली तर हाऊसफुल्लची पाटी. ते उतरले होते त्या लॉजच्या खाली एक गोडबोल्या बसायचा. "ताई, कशाला धक्के खाताय? पुढच्या रांगेतलं देतो. एका कोडवर दोघं." तिनं मोबाईलवर कोड घेतला, वर त्याचे आभारही मानले. मला अजून राग येतो. तिचा नाही, त्याचा.

दोघं चांगले लवकर आले होते. आता त्यांचाच नंबर लागणार, तेवढ्यात मागून एक बाई आली. हाताशी छोटी मुलगी, पाय आवळून नाचणारी.

"काका, आम्ही आधी जाऊ का? हिला जोरात लागलीय."

"अगं जा जा! नाटक काय पळून जातंय?" बाप हसून बाजूला झाला.

बाईनं मोबाईल धरला. मी हिरवा.

मग लेकीनं धरला. मी लाल.

मित्रांनो, तोच नंबर होता. गोडबोल्यानं एकच तिकीट दोघींना विकलं होतं. त्या बाईलाही पत्ता नव्हता.

मामांनी मला चापट्या मारल्या. लाल. मग बाहीनं पुसलं, कित्येक वर्षांनी. लालच.

"पोरी, हा नंबर आत गेलाय गं. आत्ताची ती बाई."

"पण आम्ही आधी उभे होतो!"

"आधी आत जाईल त्याची खुर्ची. आत मुंगी शिरायला जागा नाही, मी तरी काय करू?"

"बाबांना फक्त पडदा बघू द्या हो. दारातून. लगेच जातो आम्ही."

मॅनेजर आला. त्यानं बापाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "मशीन लाल म्हणतंय ना? विषय संपला."

लेक बापावरच उसळली, "कशाला सोडलंत तिला पुढं? सगळ्या जगाचा मक्ता घेतलाय का?"

"त्या पोरीला घाई होती गं," बाप म्हणाला. "मलाही आहे, हे विसरलो."

तिसरी घंटा झाली. दार लागलं. दोघं पायरीवर बसून राहिले. आतून टाळ्या आल्या, तशा तो पडदा दिसला की नेहमी येतात.

"मामा," बापानं विचारलं, "आभाळ कुठल्या रंगाचं आहे हो त्यात?"

मामांनी डोकं खाजवलं. "रोज येता-जाता दिसतो हो. पण असा कधी बघितलाच नाही."

मीही नाही. माझी काच कायम बाहेरच्या बाजूला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही, माझं काय राहिलंय आता. परगावी गेलात तर तिकीट खिडकीवरच घ्या. नसेल मिळत तर नाटक सोडा, पण गोडबोल्याच्या नादी लागू नका. आणि रांगेत कुणाला पुढं सोडावं का, ते मला विचारू नका. मी त्या बापाला लाल दाखवलाय.