जखिणीची तालीम

सटवाजीनं मोतीबाईला खांद्याला धरून अर्धं वळवलं आणि तिचा पदर डोक्यावरून जरा मागं सारला.

"जखीण तोंड लपवत न्हाई, बाई. लपवते ते दात."

मोतीबाई हसली. औंढ्याची शिवरात्रीची जत्रा तोंडावर आली होती आणि चाँद पाशाच्या नाटक मंडळीत यंदा पहिल्यांदाच बाईमाणूस उभं राहणार होतं. हिंगोलीत टॉकीचा तंबू लागल्यापासून लोकांना खऱ्या बाया बघायची चटक लागली होती. लुगडं नेसलेल्या गड्याला आता ते हसत. म्हणून पाशानं मोतीबाईला आणलं, आणि इतकी वर्षं जखीण रंगवणाऱ्या सटवाजीलाच तिला शिकवायला डोंगरकडा गावाहून बोलावणं धाडलं. सटवाजीनं एव्हाना मिशा राखल्या होत्या. आता शेतीच बघायचा.

खेळ साधा होता. रानातली जखीण वाटसरूंना भुलवते, गळ्याला तोंड लावून रक्त पिते. शेवटी एक शिलेदार तिच्या टाळूत खिळा ठोकतो. तशी ती गरीब होऊन त्याच्या घरी दळण दळू लागते.

"खिळा ठोकल्याबराबर ती अशी गाय काहून होते?" मोतीबाईनं विचारलं.

"खेळच तसा हाय." सटवाजी म्हणाला. "तिथं गडीमाणसं टाळ्या पिटायची. बायांच्या बाजूला मात्र चिडीचूप. मी जात्यावर बसलो की तिकडंच बघायचो."

बोलता बोलता त्याला ते दिवस आठवले. गॅसबत्तीची फुरफुर, तोंडावरचा सफेदा, गालात धरलेलं पळसफुलांचं लाल पाणी. शिलेदार असायचा वारंग्याचा नेमसिंग. त्याच्या मानेवर ओठ टेकवून ते पाणी हळूहळू सोडायचं. सारी जत्रा बघत असे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. घरी सटवाजी कुणाचा नवरा होता, कुणाचा बाप होता. तेवढ्या वेळापुरता तो कुणाचाच कुणी नसे.

नेमसिंग तालमीला आला; शिलेदार अजून तोच होता. कानाजवळचे केस पिकले होते. मोतीबाई त्याच्या गळ्याशी वाकली, तसा तो झटक्यानं मागं सरला.

"एवढं जवळ नको, बाई. लोक नावं ठेवतील."

पेटी वाजवणाऱ्या चाँद पाशानं मान डोलावली. "बराबर आहे. पहिले गडी होता, चालून जायचं. आता हातभर अंतर ठेवा."

"हातभरावरून रक्त कसं पेऊ मी?" मोतीबाई म्हणाली. "सटवाजीभाऊ, तुमीच एकदा करून दावा."

सटवाजीनं खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतलं. मिशीला हात लावला, मग काढला. तो पुढं झाला आणि वाकला. तंबाखूचा, घामाचा तोच वास. नेमसिंग या वेळी मागं सरला नाही. पेटीचे सूर कधी थांबले, ते सटवाजीला कळलं नाही.

त्यानं मान वर केली तेव्हा नेमसिंग पाठ फिरवून विहिरीकडं निघाला होता. "तहान लागली," एवढंच म्हणाला.

मोतीबाई जवळ आली. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "शिलेदारानं त्या वक्ताला भ्यायचं असतंय न्हवं?"

"व्हय. डोळे फाडून."

"मग त्यांनी मिटले काहून?"

सटवाजीनं डोक्यावरचं उपरणं काढलं. वाकलेल्या जखिणीला फक्त मान दिसते. इतक्या वर्षांत त्या घडीला नेमसिंगचं तोंड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"तो तर दरसाल मिटायचा," चाँद पाशा पेटीचा भाता लावत म्हणाला. "मला वाटलं, तुला मालूम असंल."

विहिरीच्या काठावर नेमसिंग भरलेला पोहरा हातात धरून तसाच उभा होता. पाणी पीत नव्हता.

"जरा पाणी आणतो," सटवाजी म्हणाला, आणि भांडं न घेताच तिकडं चालू लागला.