उतारावरचे किलोमीटर

बापूराव ढगे एसटीतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत पिपरी मेघेच्या घरात त्यांनी सोफ्याखेरीज काहीही चालवलं नव्हतं. त्यांची बायको गोपिका हे चारचौघांत बोलूनही दाखवायची. पैशाची ओढाताण नव्हती, मुलगा नागपुरात कमावता होता. पण एकतीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसानं सकाळी उठायचं आणि कुठेच जायचं नाही, हे दुखणं कोणत्या डॉक्टरला दाखवणार? म्हणून सावंगीच्या सरिता मॅडमना ड्रायव्हर हवा असल्याचं कानावर आलं, तेव्हा बापूराव पुढच्याच शनिवारी सकाळी सहाला, गुळगुळीत दाढी करून, त्यांच्या फाटकात हजर झाले.

सरिता मॅडम फिजिओथेरपी शिकवायच्या आणि दर शनिवारी कारंजा घाडग्याला गुडघेदुखीचं शिबिर घ्यायच्या. माहेर वडनेरचं, घरी भाजीपाल्याची वाडी. वांगंसुद्धा हातात तोलून घेण्याची त्यांची सवय पुढं माणसांच्या बाबतीतही टिकली होती.

"आज एक खेप करू," त्या म्हणाल्या. "ठेवायचं की नाही ते संध्याकाळी सांगते."

"चालते म्याडम," बापूराव म्हणाले.

गाडी पाहून मात्र ते बिचकले. राखी रंगाची, लांबलचक, जमिनीला चिकटून बसलेली. नाकाला जाळी नाही, मागं धूर सोडायला नळी नाही. दाराला मूठसुद्धा नव्हती. बापूराव दारावरून हात फिरवत राहिले, तेव्हा मॅडमनी एका जागी बोट दाबलं आणि पत्र्याच्या आतून मूठ बाहेर आली.

"वाऱ्याला अडेल असं बाहेर काही ठेवलंच नाही," मॅडम कौतुकानं म्हणाल्या. "नाक खाली, छत मागं उतरतं. वारा घसरून जातो, म्हणून बॅटरी पुरते. शोरूमवाले सहाशे दहा किलोमीटर म्हणतात. मला पाचशे मिळतात, तेही काही कमी नाहीत."

पडद्यावर ४९७ हा आकडा होता. म्हणजे गाडी अजून इतकं चालेल. मॅडमनी तो वहीत टिपून घेतला आणि पेशंटांचे कागद घेऊन मागं बसल्या. बॅटरी सगळी तळाशी, त्यामुळं मागची जमीन सपाट, पाय पसरायला ऐसपैस जागा.

आर्वी रस्त्याला लागल्यावर बापूरावांनी एका ट्रकला मागं टाकण्यासाठी पाय जरासा दाबला, तर डोकं जाऊन सीटला टेकलं. ट्रक आरशात लहान झाला होता. आवाज म्हणून काही नाही. त्यांना मनापासून आनंद झाला आणि तो लपवताना मिशी फुरफुरली.

पण पाय उचलल्याबरोबर गाडी ओढल्यासारखी मंदावली. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. बापूरावांना शंकाच उरली नाही. ब्रेक चिकटत होते. नव्या कोऱ्या गाडीत हे! मॅडमना कोणीतरी फसवलं होतं. पण पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेपेला, बाईच्या हौसेच्या गाडीला नाव कसं ठेवायचं? त्यांनी तोंड मिटून आपल्या परीनं इलाज केला. उतार दिसला की स्टिअरिंगमागची दांडी हळूच न्यूट्रलवर न्यायची. गाडी मोकळी सुटायची. एसटीत असताना याच हातचलाखीवर त्यांनी डिझेल वाचवलं होतं आणि डेपोच्या फळ्यावर चार वेळा नाव लावून घेतलं होतं. ही चलाखी नियमात बसत नाही, हे अर्थातच त्या फळ्यावर लिहिलेलं नसायचं.

कारंजाचं शिबिर दुपारी आटोपलं. परतताना तळेगावचा घाट लागला तेव्हा बापूरावांनी माथ्यावरच न्यूट्रल मारलं. दोन टनांचं धूड झपाट्यानं सुटलं. वळणांवर त्यांना तीनदा करकचून ब्रेक दाबावे लागले आणि तिसऱ्यांदा मॅडमचे कागद सीटवरून खाली पडले.

घाट संपला. मॅडमनी पुढं वाकून पडदा पाहिला, मग वही पाहिली.

"हे काय? मागच्या शनिवारी मी चालवत होते, तेव्हा घाट उतरताना आकडा अकरा किलोमीटरनं वाढला होता. आज एकानंही नाही."

बापूरावांना काही उमगलं नाही. उतरताना वाढतो? काय वाढतो? तोवर मॅडमनी शोरूमच्या पीयूषला फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

"मॅडम, पाय उचलला की मोटर उलटं काम करू लागते असं समजा," पीयूष सांगू लागला. "ती गाडीला धरून ठेवते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. म्हणून उतारावर किलोमीटर वाढतात. गाडी न्यूट्रलमध्ये तर नव्हती?"

"छे! न्यूट्रलमध्ये कोण टाकेल?"

"मग बिघाड असणार. सोमवारी पाठवून द्या. आठ-दहा दिवस ठेवावी लागेल."

मॅडमचा चेहरा उतरला. फोन ठेवून त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

बापूरावांच्या कानशिलांवर घाम आला. जे चिकटलेले ब्रेक म्हणून ते सकाळपासून सोडवत होते, तीच गाडीची कमाई होती. आता गप्प बसलं तर गाडी दवाखान्यात जाईल, तिथं कोणाला काहीच सापडणार नाही, आणि आपण मात्र गाडी परत आली की पुन्हा या सीटवर. बोललं तर परत सोफा. तळेगाव ते आर्वी रस्ता पंधरा-सोळा किलोमीटरचा. तेवढ्यात त्यांनी चार वेळा तोंड उघडलं आणि चार वेळा मिटलं. स्वतःचीच चीड आली त्यांना. आर्वीच्या अलीकडं एका चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी उभी केली.

"म्याडम, गाडी नका पाठवू. तिच्यात काही खराबी नाई. मीच न्यूट्रल मारत होतो."

"घाटात?"

"घाटातबी."

मॅडमची पुस्तकी मराठी तिथंच गळून पडली आणि वडनेर बाहेर आलं. "काऊन पण?"

"मले वाटलं, ब्रेक चिकटून राह्यले."

"मंग मले काऊन नाई सांगितलं? मी मांगंच बसली होती ना!"

"पहिल्याच दिवशी तुमच्या गाडीले नाव ठेवावं, हे काही बरं दिसते का?"

"आन् त्या वळणावर समोरून ट्रक आला असता तं? तुमी पाय दाबला असता आन् गाडी हाललीच नसती तं? तवा बरं दिसलं असतं?"

मॅडम म्हणत होत्या ते शंभर टक्के खरं होतं. टपरीवाला किटली हातात धरून ऐकत होता, तेही त्यांना झोंबलं. त्यांनी पट्टा सोडला. "तुमीच चालवा म्याडम आता. मी आर्वीहून एसटीनं जातो."

मॅडमनी मांडीवरची वही उघडली. मग विचारलं, "किती राह्यले?"

"काय?"

"किलोमीटर हो. पडद्यावर पाहा."

"तीनशे बासष्ट."

"सावंगीले पन्नास लागतात. पट्टा लावा. वळवा गाडी."

"कुठं?"

"घाटात."

गाडी वळली. पुन्हा तळेगाव, पुन्हा चढण. चढताना आकडा भराभर उतरला, तसा बापूरावांचा जीवही खालीवर झाला. माथ्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "नुसता पाय उचला. दांडीले हात लावू नका."

सांगणं सोपं होतं. पहिला उतार लागताच हात आपसूक दांडीकडं निघाला. बापूरावांनी तो अर्ध्यातून परत आणला आणि नवशिक्यासारखं दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. पाय अलगद उचलला. उतारावर जाणता बैल आपणच मागं रेलतो, तशी गाडी रेलली. पहिलं वळण ब्रेकशिवाय गेलं. दुसरं गेलं. पायाच्या बोटांनी थोडं सोडायचं, थोडं धरायचं. तिसऱ्या वळणावर पडद्यावरचा आकडा एकानं वाढला. बापूरावांनी डोळे मिचकावले. दोनानं वाढला. चारानं.

त्यांना भरून आलं. उभ्या नोकरीत थेंब थेंब डिझेल वाचवलं, त्याचा अभिमान मिरवला, पण जळून गेलेलं टाकीत परत आलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते या वयात, या घाटात दिसत होतं, आणि आजच्या दिवसापुरतंच असं वाटून त्यांना वाईटही वाटत होतं.

घाट संपला. गाडी सपाटीला लागली. मॅडम पुढं वाकल्या.

"नऊ," त्यांनी वहीत लिहिलं. "माझे अकरा होते."

"ते पहिलं वळण जरा चुकलं. पुढच्या शनिवारी बारा करून दाखवतो," बापूराव म्हणून गेले, आणि लगेच जीभ चावली. पुढचा शनिवार त्यांना दिला होता कोणी?

मागून कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. आर्वीची घरं दिसू लागली तरी तो थांबला नाही.

"पुढच्या शनिवारी सकाळी साडेसहाले येजा," शेवटी मॅडम म्हणाल्या. "आन् यापुढं काही खटकलं, तं पहिले मले सांगजा."