ओठ मिटून

‘ओठ हलवू नका’ अशी इंग्रजीतली सूचना स्क्रीनच्या कोपऱ्यात दुसऱ्यांदा उगवली, तशी रेणू पटलेने दचकून तोंड घट्ट मिटलं. कॅमेऱ्याच्या पलीकडे, कुठल्या शहरात देव जाणे, एक पर्यवेक्षक तिच्यावर डोळा ठेवून बसला होता. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, ओठांची हालचालही नको. घरबसल्या परीक्षा म्हणजे हे सगळं आलंच.

खरी धास्ती होती बाबांच्या आवाजाची. हिरालाल पटलेंनी सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये काढली आणि कान तिथेच ठेवून घरी आले. आता ते साधा चहा मागायचे तरी नेहरू नगरच्या मागची अख्खी गल्ली जागी व्हायची. म्हणून सकाळीच त्यांची रवानगी समोरच्या गिरजाबाईंच्या ओसरीवर झाली होती. कुकर कपाटात गेला होता, दाराची घंटा उतरवली होती. एवढा बंदोबस्त करून रेणू निर्धास्त बसली होती.

पुढचा प्रश्न लांबलचक होता. कुठल्या नेटवर्कमधून कुठल्या नेटवर्ककडे रस्ता द्यायचा, कुणाला अडवायचं. तिने तो नीट वाचला. वाचता वाचता तिचे ओठ पुन्हा हलायला लागले, आणि हे तिला कळायच्या आत स्क्रीनवरचे प्रश्न गेले. ‘परीक्षा थांबवण्यात आली आहे.’

उत्तर येत होतं, हे तिला जास्त लागलं.

रेणू एका खासगी कंपनीत होती. दुर्ग-भिलाईतल्या दवाखान्यांची, दुकानांची नेटवर्कं सांभाळायची, वायरी ओढायच्या, कुठलं यंत्र बंद पडलं की धावायचं. आता गिऱ्हाइकांचा सगळा कारभार क्लाउडवर चालला होता. साहेब धनंजयने स्पष्टच सांगितलं होतं, “मॅडम, सर्टिफिकेटवाले यहीं रहेंगे. बाकी सबको बिलासपूर जाना पड़ेगा.” आई गेल्यापासून घरात दोघंच. ती बिलासपूरला गेली तर बाबांना दारावरची थाप कोण सांगणार, दूध उतू जाताना कोण ओरडणार?

म्हणून त्या क्लाउडच्या सर्टिफिकेटसाठी ड्यूटीच्या आधी, सकाळी सकाळी ती अभ्यासाला बसायची. पहिल्याच दिवशी बाबा खुर्ची घेऊन समोर येऊन बसले होते.

“मोठ्यानं वाच. मले बी कळू दे तू का करून राहिली तं.”

मग काय, मोठ्याने वाचणं सुरू झालं. “हे समजा बाबा, आपला प्लांट. पास असन तवाच गेट उघडते. तसंच इथं बी असते.”

“आन् पास नसन तं?”

“तं बाहेरच!”

बाबा खूश होऊन मांडीवर थाप मारायचे. अर्धं त्यांना ऐकू यायचं, उरलेलं ते तिच्या ओठांवरून उचलायचे. या घरात लहानपणापासून सगळे तसेच बोलत आले होते, तोंड भरून, एकेक शब्द दाखवत. अख्खा अभ्यासक्रम तिने असाच पाठ केला होता. ओठ हलल्याशिवाय तिचं डोकं हलतच नव्हतं.

दारात चपला वाजल्या. “झाला का पेपर? एवढ्या लवकर?”

“लाईट गेली, बाबा.”

हिरालालांनी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. त्यांचा चेहरा उतरला.

“माहाच आवाज आला असन. गिरजाबाईले मी पाणी मांगलं. हळूच मांगलं होतं पोरी, खरंच हळू.”

हे मात्र तिला सोसवेना. “तुमी नाई, बाबा. मीच. प्रश्न वाचताना माहे ओठ हालत होते. त्याईले वाटलं, मी कोणाले तरी विचारून राहिली.”

“ओठ?”

“सवय आहे ना.”

सवय कुणापायी लागली, हे बाबांना सांगावं लागलं नाही. ते मान हलवत आत गेले.

दुसऱ्या दिवशी समोरची खुर्ची नव्हती. ती अंगणात पेरूच्या झाडाखाली गेली होती. “तू मनातल्या मनात वाच,” ते खिडकीतून म्हणाले, आणि एवढं बारीक म्हणाले की रेणूने वळून पाहिलं. आपल्या बापाचा लहान आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

परीक्षेला पुढच्या महिन्यात पुन्हा बसता येणार होतं. ती मिटल्या तोंडाने वाचायला शिकली. आधी काही केल्या जमेना. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागे, शब्द नुसते डोळ्यांवरून निघून जात. मग हळूहळू ते डोक्यात बसायला लागले. खिडकीबाहेर पाठमोरे बाबा दिसत. चहासुद्धा ते आता हाताने खूण करून मागत. घर इतकं शांत झालं, की गिरजाबाई एकदा विचारून गेल्या, “तब्येत ठीक आहे ना भाऊची?”

दुसऱ्या खेपेला एकही सूचना आली नाही. निकाल दिसताच रेणू अंगणात धावली आणि गल्ली दणाणेल अशी ओरडली, “पास झाली बाबा!”

“म्हंजे बिलासपूरले नाई जात ना?”

“नाई जात!”

बाबांनी डोळे पुसले आणि मग मूळच्या आवाजात ती बातमी दारोदार पोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेत होती. फरशीवर काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. बाबा खुर्ची आत आणत होते. त्यांनी ती जुन्या जागी ठेवली, बसले, आणि कानामागे हात धरला.

“हं. वाच.”

“आता का वाचू? परीक्षा झाली ना.”

हात खाली आला. “हो. झालीच तं,” ते म्हणाले आणि खुर्ची उचलायला उठले.

“बसा.”

रेणूने कप बाजूला ठेवला. कॉम्प्युटर उघडून पहिला धडा काढला आणि तोंड भरून, एकेक शब्द दाखवत सुरुवात केली. “हे समजा बाबा, आपला प्लांट. पास असन तवाच गेट उघडते.”

“आन् पास नसन तं?” हिरालालांनी दणक्यात विचारलं, आणि समोर गिरजाबाईंनी खिडकी उघडली.